सुरीची धार: लावायची कशी, राखायची कशी

कोथरूडच्या एका ताईंचा प्रश्न आहे. लाल भोपळा चिरताना सुरी सालीवरून घसरली आणि डाव्या हाताच्या तर्जनीला चार टाके पडले. सुरी लग्नात आहेरात आलेल्या संचातली, सहा वर्षं रोजच्या वापरात, धार एकदाही लावलेली नाही. सासूबाई म्हणतात, "धार कमी असलेलीच बरी. आणि खरं तर विळीच काढ." आता सुरी हातात घेतली की हात थरथरतो. दारावर येणाऱ्या धारवाल्याकडे सुरी द्यावी का, की नवीच घ्यावी, आणि नऊ वर्षांच्या मुलाला सुरी हातात द्यावी की नाही, असं त्यांनी विचारलंय.

ताई, आधी बोटाचं. टाके निघाल्यावर बोट पूर्ण मिटतंय का आणि टोकाला स्पर्श नेहमीसारखा कळतोय का, एवढं नीट तपासा. टोक बधिर वाटत असेल किंवा शेवटचं पेर वाकत नसेल तर "भरून येईल हळूहळू" म्हणत थांबू नका. आत नस किंवा स्नायूची दोरी कापली गेली असू शकते आणि तिथे उशीर महागात पडतो. हाताच्या शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांना याच आठवड्यात दाखवा.

आता सुरीचं. मी नारायण पेठेत २७ वर्षं स्वयंपाकघर चालवते. रोजचे डबे, मुंजी, डोहाळजेवणं, सणाची ताटं. गणपतीच्या दिवसांत सकाळी सहाला चिराचिरी सुरू होते, सात-आठ जणी असतात आणि अकराच्या आत तीस-चाळीस किलो भाजी चिरून व्हावी लागते. तुमच्या सासूबाई जे म्हणतात तेच मीही एकेकाळी मानत होते, आणि त्याची किंमत माझ्याऐवजी दुसऱ्या कुणीतरी मोजली, म्हणून ते सांगते.

१९९९ साल. गौरीजेवणाचा आदला दिवस. सोळा भाज्यांसाठी भोपळा आणला होता. आमच्याकडे एक नवी मुलगी लागली होती, विशीची असेल. मी तिला मुद्दाम सगळ्यांत बोथट सुरी दिली. हात बसलेला नाही, कमी धारेची दिली तर कमी लागेल, असा माझा हिशेब. तिने भोपळ्यावर सुरी टेकवली, ती शिरेना, म्हणून तिने अंगातलं सगळं वजन टाकलं. सुरी गोल सालीवरून सटकली आणि तळहातात गेली. सात टाके. त्या दिवसापासून माझ्या स्वयंपाकघरात बोथट सुरी कुणाच्याही हातात जात नाही, नवख्या हातात तर नाहीच.

तुमचंही अगदी हेच झालंय. भोपळ्याची साल कडक, गुळगुळीत आणि गोल. धार असलेली सुरी नुसती टेकवून पुढे सरकवली की सालीत रुतते, तिला जागा मिळते. बोथट सुरीला सालीत शिरता येत नाही, म्हणून आपण जोर लावतो, आणि सुरी सुटली की तो सगळा जोर बोटाकडे जातो. धारदार सुरीनेही कापतं, नाही असं नाही. पण तिथे हाताचा जोर थोडका असतो, त्यामुळे सुरी कुठे जातेय ते आपल्या ताब्यात राहतं. शिवाय तिची जखम सरळ असते आणि लवकर सांधते. बोथट सुरीची जखम फाटल्यासारखी होते.

कांद्याचंही तेच. बोथट सुरी कांद्याच्या पेशी कापत नाही, चिरडते, आणि डोळ्यांना झोंबणारा रस जास्त उडतो. डोळे पाण्याने भरलेले, हातात बोथट सुरी आणि गॅसवर तापलेलं तेल: स्वयंपाकघरात बोट कापायला याहून सोयीची वेळ नाही.

धार म्हणजे काय ते एकदा समजलं की पुढचं सगळं सोपं होतं. पात्याच्या दोन बाजू जिथे एकमेकींना मिळतात ती रेघ म्हणजे धार. ती केसाहूनही बारीक असते. आहेराच्या संचातल्या सुऱ्यांचं पोलाद बहुतेक वेळा मऊ असतं, त्यामुळे ही रेघ झिजण्याआधी वाकते, एका बाजूला दुमडते. डोळ्यांना दिसत नाही, पण टोमॅटोच्या सालीवर कळतं: सुरी घसरते आणि टोमॅटो दबतो. म्हणजे पुष्कळदा धार "गेलेली" नसते, नुसती कलंडलेली असते, आणि ती पुन्हा उभी करता येते. त्यासाठी खाटकाच्या दुकानात दिसते तशी पोलादी सळई मिळते. सळईचं टोक ओट्यावर घडी केलेल्या फडक्यावर टेकवून ती उभी धरायची, सुरी टाचेपासून, म्हणजे पात्याच्या मुठीकडच्या कोपऱ्यापासून, टोकापर्यंत हलकेच खाली ओढायची, एकदा या बाजूने, एकदा त्या बाजूने, पाच-सहा वेळा. हवेत दोन्ही हातांनी सपासप करतात तसं करायची काही गरज नाही. माझ्याकडे हे रोज सकाळी होतं, घरी आठवड्यातून दोनदा पुरे. जपानी पद्धतीच्या फार कडक सुऱ्यांना मात्र ही सळई लावू नका. त्यांची धार वाकत नाही, तिचे कपचे उडतात.

आणि धार कलंडते कशामुळे? पुण्यातल्या नव्या फ्लॅटमध्ये बहुतेक ओट्यामुळे. ग्रॅनाइटमधली गारगोटी पोलादापेक्षा कडक असते. मिरची नाहीतर लिंबू "एवढंसं तर आहे" म्हणून थेट ओट्यावर चिरलं की प्रत्येक घाव धारेवर बसतो. स्टीलची ताटली आणि काचेचा तो सुंदर चॉपिंग बोर्ड हे दोन्ही तितकेच वाईट. लाकडी फळी घ्या, किंवा साधा प्लॅस्टिकचा बोर्ड. फळीखाली ओलं फडकं पसरा. सरकणारी फळी बोथट सुरीइतकीच धोक्याची असते. चिरलेली भाजी कढईत लोटताना धारेने फळी खरवडायची सवय जवळजवळ सगळ्यांना असते. सुरी उलटी करून पाठीने लोटा. एवढ्या एका बदलाने धार कितीतरी जास्त टिकते.

सळईने भागेनासं झालं की दगड. घरी तुम्ही सळई नीट वापरलीत तर दोन-तीन महिन्यांतून एकदा पुरेल. जुनी माणसं त्याला निसणा म्हणतात आणि धार लावण्याला पाजवणं. माझ्या सासूबाईंकडे कुरुंदाचा एक दगड होता, मधे खोल झिजून नावेसारखा झालेला. आता रविवार पेठेत, बोहरी आळीतल्या हार्डवेअरच्या दुकानांत दुहेरी दगड मिळतात, एक बाजू भरड, एक बारीक. पाण्यावर चालणारे दगड ऑनलाइनही येतात. त्यांच्यावर आकडा असतो. ४०० म्हणजे भरड, खांडं पडलेल्या सुरीसाठी. १००० रोजच्या कामाचा. ३००० च्या पुढचे चकाकी आणायला. घरी एकच घ्यायचा तर १००० चा घ्या.

दगड पाण्यात बुडवून ठेवा, बुडबुडे यायचे थांबले की काढा आणि ओल्या फडक्यावर ठेवा म्हणजे हलणार नाही. सुरी दगडावर आडवी ठेवून तिची पाठ थोडी उचला. किती, ते महत्त्वाचं. आपल्या नेहमीच्या सुरीला प्रत्येक बाजूने साधारण २० अंश लागतात. पातं चार सेंटिमीटर रुंद असेल तर पाठ दगडापासून सुमारे १४ मिलिमीटर वर हवी, म्हणजे करंगळीच्या जाडीएवढी. सुरुवातीला करंगळी खाली घालून अंदाज घ्या आणि मग काढा. डाव्या हाताची दोन बोटं पात्यावर हलकी ठेवा, धारेपासून लांब, आणि दगडाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश फिरवा. कोन बदलू देऊ नका. हात शिकेपर्यंत एक युक्ती करा: धारेवर मार्करने काळी रेघ ओढा आणि चार-पाच वेळा घासून बघा. रंग अगदी कडेचा गेला तर कोन बरोबर. वरचाच गेला आणि कडेला राहिला तर पाठ थोडी अजून उचला.

घासता घासता पलीकडच्या बाजूला एक खरखरीत कड उठते. बोट धारेच्या लांबीवरून कधीही फिरवायचं नाही. पाठीकडून धारेकडे आडवं, हलकं सरकवलं की ती लागते. टाचेपासून टोकापर्यंत सगळीकडे ती कड लागली की या बाजूचं काम झालं. सुरी उलटवा, तेवढंच त्या बाजूने. मग जोर कमी करत आलटून पालटून, शेवटी नुसतं पात्याच्या वजनाने, म्हणजे ती कड निघून जाते. शेवटी जुन्या चामडी पट्ट्याच्या आतल्या बाजूवर धार मागे ठेवून पाच-सहा वेळा ओढा. वर्तमानपत्राचा कागद हवेत धरून कापून बघा: अडला, फाटला तर जिथे अडला ती जागा पुन्हा घ्या. दगडावर जो काळपट चिखल जमतो तो मधे मधे धुऊन टाकू नका, कापण्याचं काम तोच करत असतो. काम झाल्यावर मात्र दगड धुऊन सावलीत वाळवा. मधे खोलगट होऊ लागला तर सपाट फरशीवर पॉलिश पेपर ठेवून त्यावर घासून सारखा करा.

पहिल्या वेळी अर्धा तास लागेल आणि धार बेताची येईल. होऊ दे. तिसऱ्या वेळी हाताला कोन कळतो आणि मग दहा मिनिटांचं काम राहतं. कपाच्या बुडाला जे खरखरीत कडं असतं त्यावर धार लावतात ना, ते चुकीचं नाही. अडीनडीला चालतं, कारण त्या कड्यावर चिनीमातीची झिलई नसते. ज्या छोट्या यंत्राच्या खाचेतून सुरी ओढायची असते ते मात्र मी कुणालाच घ्यायला सांगत नाही. त्यातल्या कडक पट्ट्या धारेवरचं पोलाद ओरबाडून काढतात. दोन दिवस छान चालतं, पण पातं भराभर झिजतं.

धारवाल्याबद्दल तुम्ही विचारलंत. सायकल स्टँडवर लावून, पायडल मारून दगडी चाक फिरवणारे हे लोक अजून आमच्या पेठांत येतात आणि त्यांच्या हातात खरी कला आहे. माझ्या विळ्या, कात्र्या आणि नारळाचा कोयता मी त्यांच्याकडेच देते. सुरी देताना काय बघायचं ते सांगते. लोहार पोलाद लालभडक तापवून पाण्यात किंवा तेलात बुडवतो, मग हलकं तापवून त्याचा ठिसूळपणा घालवतो. याला हत्याराला पाणी देणं म्हणतात. सुरीची सगळी ताकद त्या पाण्यात असते. कोरड्या चाकावर पातळ पातं जोरात दाबलं की धारेचा भाग क्षणात तापतो. सुमारे ३०० अंशांच्या आसपास पोलाद निळं पडतं, म्हणजे तिथलं पाणी उतरलं. मग धार कितीही लावा, आठ दिवसांत जाते, आणि लोक पोलादाला किंवा धारवाल्याला दोष देतात. म्हणून सुरी देताना शेजारी पाण्याचं भांडं ठेवा आणि "दादा, हलक्या हाताने, मधे मधे पाण्यात बुडवून करा" असं सांगा. त्यांना हे माहीत असतंच. घाई गिऱ्हाइकाची असते. थोडे पैसे जास्त द्या आणि वेळ द्या. परत घेताना धारेवर निळसर-तपकिरी डाग नाहीत ना ते उजेडात बघा. जरीच्या कडेसारखी जाड धार नको, रेघ बारीक हवी.

तुमच्या सुरीसाठी माझा सल्ला: सहा वर्षांची बोथट धार घरच्या १००० च्या दगडावर पहिल्यांदा आणायला फार वेळ जाईल. पहिली धार चांगल्या धारवाल्याकडून, वर सांगितलं तसं, करून घ्या आणि पुढे घरी राखा. नवी सुरी घ्यायची घाई करू नका. घेणारच असाल तर संच नको. भोपळा, कोबी, कलिंगडासाठी आठ इंची एक, आणि लिंबू, मिरची, फळांसाठी चार इंची एक. या दोन सुऱ्यांवर सगळं घर चालतं. तुळशीबागेत घ्या किंवा कुठेही, पण हातात धरून घ्या. मूठ पकडल्यावर बोटांची पेरं फळीला आपटू नयेत एवढं पातं रुंद हवं.

आता हाताचं, कारण थरथर तिथे आहे. मूठ लांबून धरू नका. पातं जिथे सुरू होतं तिथे ते अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत धरा आणि उरलेली तीन बोटं मुठीभोवती. असं धरलं की सुरी मनगटात वळत नाही. डाव्या हाताची बोटं आत मुडपा. लाडू वळून झाल्यावर तो हातात धरताना बोटं जशी गोल होतात तशी. अंगठा त्यांच्या मागे लपलेला. पात्याची सपाट बाजू मधल्या बोटाच्या सांध्याला टेकून वरखाली होते आणि तो सांधाच सुरीला वाट दाखवतो. धार त्या सांध्याच्या वर कधी उचलायची नाही. पहिले आठ दिवस हे फक्त काकडीवर करा, इतकं सावकाश की कंटाळा यावा. वेग आपोआप येतो. आमच्याकडे वेगाने चिरणाऱ्या ज्या बायका आहेत त्यांच्यापैकी एकीनेही वेगाचा सराव केलेला नाही.

आणि भोपळा. अख्खा आणूच नका. मंडईत फाक कापून देतात, ती घ्या. अख्खा आलाच तर आधी कोरडा पुसा. फळीवर ओलं फडकं घालून त्यावर बसवा म्हणजे डुलणार नाही. देठाच्या शेजारी, देठावर नव्हे, आठ इंची सुरीचं टोक आत घाला आणि मूठ खाली दाबत टाच आणा. डावा हात पात्याच्या पाठीवर, बोटं वर उचललेली, म्हणजे दोन्ही हात धारेच्या वर असतात आणि पुढे कापायला एकही बोट नसतं. सुरी अडकली तर हिसका मारून ओढायची नाही, भोपळ्यासकट थोडी वरखाली करून सोडवायची. दोन भाग झाले की कापलेली सपाट बाजू खाली. इथून पुढे भोपळा हलत नाही. साल शेवटी, लहान फोडी झाल्यावर काढा. फारच कडक असेल तर अर्धे भाग पाच मिनिटं वाफवून घ्या, भाजीला काही होत नाही.

काकडीवरून आठवलं. खमंग काकडीसाठी काकडी तळहातात उभी धरून सुरीने टकटक कोचवतात. आमच्या आजीपासून चालत आलंय आणि चवीला त्याची बरोबरी किसलेल्या काकडीला येत नाही, कारण किसली की तिचं पाणी सुटतं. पण नव्याने धार लावलेल्या सुरीने तळहातावर कोचवू नका. काकडीचं एक टोक सपाट कापा, फळीवर उभी करा आणि वरून उभ्या-आडव्या चिरा द्या, मग आडवी करून बारीक काप काढा. तीच काकडी, तीच कोशिंबीर.

सुरीने करू नयेत अशी कामं थोडकीच. नारळ कोयत्याच्या पाठीने फोडायचा. लोणच्याच्या कैऱ्या कोयीसकट फोडायच्या तर मंडईत फोडून देतात, तिथेच द्या. आठ इंची सुरी कोयीवर मारलीत तर धारेला खांड पडणारच. फ्रीजरमधलं गोठलेलं काही सुरीने सोडवायचं नाही, डब्यांची झाकणं उघडायची नाहीत.

सासूबाईंच्या विळीला मी कमी लेखत नाही. खाली बसून, पाटावर पाय दाबून, दोन्ही हातांनी भाजी धरून चिरता येते. पालेभाजी, गवार, भेंडी यांच्यासाठी ज्यांचा हात विळीवर बसलाय त्यांच्या पुढे सुरी मागे पडते. पण विळीत धार तुमच्याकडे तोंड करून उभी असते आणि हात तिच्याकडे जातो, त्यामुळे शिकताना सुरीपेक्षा सोपी नाही. उठताना विळी मिटवा, मिटणारी नसेल तर आडवी करा, एका मिनिटासाठी का होईना. उभ्या विळीवरून हात पलीकडे न्यायचा नाही. ओट्यावर ठेवून वापरायच्या छोट्या विळ्या निघाल्यात, त्यांच्यावर पायाचा दाब नसतो. स्क्रूने घट्ट बसत नसेल तर ती घेऊ नका. लोखंडी विळीवर वांगं, कच्चं केळं काळं पडतं ते घाणीमुळे नाही, भाजीतल्या तुरटपणाचा लोखंडाशी संबंध आला की तसं होतं. फोडी लगेच पाण्यात टाका.

ठेवण्या-धुण्याचं. लिंबू, कैरी, चिंच, मीठ लागलं की सुरी लगेच धुऊन पुसायची. स्टेनलेस म्हणजे डाग पडतच नाही असं नाही. त्यात कमीत कमी साडेदहा टक्के क्रोमियम असतं, त्याचा एक अदृश्य थर गंज रोखतो, पण मीठ फार वेळ राहिलं तर त्या थराला बारीक भोकं पडतात. टँकरच्या पाण्याचे पांढरे डाग लिंबाने जातात, मग पुन्हा धुवा. डिशवॉशरमध्ये सुरी नको. पावसाळ्यात लोखंडी विळीला आणि कार्बन स्टीलच्या सुरीला पुसल्यावर तेलाचं बोट फिरवा. खोबरेल चांगलं. करडईचं किंवा जवसाचं तेल हवेत चिकट होतं, ते ठेवणीच्या हत्याराला लावू नका.

एका गोष्टीवर मी फार कडक आहे. सुरी खरकट्या भांड्यांच्या ढिगात कधीही ठेवायची नाही, साबणाच्या पाण्यात बुडवून तर नाहीच. भांडी घासायला येणाऱ्या मावशी न बघता हात घालतात, त्यांना बघायला वेळ आपणच ठेवलेला नसतो. सुरी ज्याने वापरली त्यानेच धुवायची, पुसायची, जागेवर ठेवायची. ट्रॉलीत चमच्यांबरोबर सुट्टी ठेवायची नाही. जाड पुठ्ठ्याची खोळ करून चिकटपट्टी लावा, पाच मिनिटांत होते.

सुरी हातात देऊ नये, भांडण होतं, असं घरोघरी सांगतात. मी आमच्याकडच्या मुलींना ते तसंच सांगते: ओट्यावर ठेव, दुसरी उचलेल. निसटलेली सुरी पकडायला जायचं नाही. दोन्ही हात वर, पाय मागे. माझ्या उजव्या तळहातावर २००४ सालची आडवी खूण आहे ती अशाच एका पडत्या सुरीची. धरायला गेले ते शरीराने आपणहून केलं, डोक्याला कळेपर्यंत झालं होतं. म्हणून हे बोलून नाही, करून शिकवावं लागतं. आम्ही लाकडी कालथा टाकून सराव करून घेतो.

कापलंच तर वाहत्या पाण्याखाली धुवा, स्वच्छ फडक्याने दाबून धरा आणि हात छातीच्या वर ठेवा. घड्याळ लावून दहा मिनिटं, मधे उघडून बघायचं नाही. हळद, कॉफीची पूड, चुना जखमेत भरू नका, डॉक्टरांना ते आधी खरवडून काढावं लागतं. दहा-पंधरा मिनिटांत थांबलं नाही, जखमेच्या कडा उघड्या राहिल्या, सांध्यावर असेल किंवा पुढे बधिर वाटलं तर दवाखाना. धनुर्वाताचं इंजेक्शन शेवटचं कधी घेतलंय ते घरातल्या प्रत्येकाचं लिहून ठेवा. बोटाचा तुकडाच सुटला तर तो ओलसर स्वच्छ कापडात, मग पिशवीत, आणि ती पिशवी बर्फावर. तुकडा थेट बर्फात नको. आणि १०८ ला फोन.

तुमच्या मुलाला जरूर शिकवा. नऊ वर्षं चांगलं वय आहे. ओटा त्याला उंच पडेल, कोपरं फळीच्या वर राहतील अशा चौरंगावर उभं करा किंवा जेवणाच्या टेबलापाशी बसवा. चार इंची सुरी, धार लावलेली. आधी केळं, उकडलेला बटाटा, पनीर. महिनाभराने उभी अर्धी केलेली काकडी, सपाट बाजू खाली. त्याच्या हातात सुरी असेल तोवर तुम्ही शेजारी, फोन दुसऱ्या खोलीत, आणि कुणीही त्याला हाक मारायची नाही. चालताना सुरी हातात असेल तर टोक जमिनीकडे आणि धार मागे. खंडेनवमीला आम्ही सगळ्या सुऱ्या, विळ्या, अडकित्ते धुऊन, धार लावून पाटावर मांडतो. त्या दिवशी त्याला त्याची सुरी स्वतः पुसून मांडू द्या, हळदकुंकू वाहू द्या. मुलं अशा वस्तूशी आपोआप जपून वागायला लागतात, हे मी आमच्याकडच्या बायकांच्या मुलांत बघितलंय.

संचातल्या ज्या सुऱ्या तुम्ही काढून टाकाल त्या कचऱ्याच्या पिशवीत तशाच सोडू नका. आपला कचरा हाताने वेगळा करणाऱ्या "स्वच्छ" संस्थेच्या ताई पिशवीत हात घालतात. पातं जाड पुठ्ठ्यात गुंडाळा, चिकटपट्टी लावा, वर मोठ्या अक्षरांत "धारदार" लिहा आणि त्यांच्या हातात देताना तोंडाने सांगाही.